'भास होणे' आणि 'भ्रम होणे' यात नेमका फरक काय?

बोलताना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी खपून जातात, पण ढोबळमानाने भास इंद्रियांचा आणि भ्रम समजुतीचा.

खिशात मोबाइल थरथरला म्हणून हात घातला, तर मोबाइल टेबलावरच पडलेला. हा भास. अंधारात दोरी साप वाटते तोही भासच, फक्त तिथे निदान दोरी तरी असते. खिशात काहीच नव्हतं. मानसशास्त्र हे दोन प्रकार वेगळे मानतं, आपण दोन्हींना भासच म्हणतो. 'भ्रमात असणे' मात्र वेगळं. 'माझ्यावाचून ऑफिस अडेल' असं मनाशी पक्कं धरून बसलेला माणूस भ्रमात असतो, त्याला काही दिसत किंवा ऐकू येत नसतं.

डोळा लागता लागता कुणीतरी नावाने हाक मारतं आणि आपण दचकून 'ओ' देतो, हा भास तर धडधाकट माणसांनाही होतो. (मला कायम आईचाच आवाज येतो, तोही रागावलेला.) झोप आणि जाग यांच्या सीमेवर मेंदू असे खेळ करतो. पूर्ण जागेपणी आवाज वारंवार यायला लागले, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं.

'हे सगळं आधी घडलंय' या अनुभवाला मराठीत रुळलेला एकच शब्द नाही. 'देजा व्हू' फ्रेंच आहे, अर्थ 'आधी पाहिलेलं'.

आणि 'भ्रमिष्ट' हा शब्द कुणाला सहज लावू नका, तो थेट वेडा म्हणण्यासारखाच लागतो.