ब्रिटन-आयर्लंडची तीन आठवड्यांची बससहल ज्येष्ठांना झेपेल का?

पासष्टी ओलांडलेल्या आई-वडिलांना ब्रिटन व आयर्लंडच्या तीन आठवड्यांच्या मार्गदर्शित बससहलीला पाठवावे का आणि सहल निवडताना काय पाहावे, असे आपण विचारले आहे. आम्ही उभयतांनी निवृत्तीनंतर अशीच सहल केली, त्या अनुभवावरून सांगतो. जरूर पाठवा, मात्र माहितीपत्रकात किती गावे आहेत हे मोजत बसण्याऐवजी, एकाच हॉटेलात सलग दोन रात्री किती ठिकाणी मिळतात, हे आधी पाहा.

या सहलीत माणूस चालून जितका दमतो, त्याहून अधिक बॅगा भरून दमतो. निघण्याच्या दिवशी मोठी बॅग सकाळी लवकर खोलीबाहेर ठेवावी लागते, म्हणजे औषधे, स्वेटर आणि दाढीचे सामान आदल्या रात्रीच वेगळे काढणे आले. हे रोज घडू लागले की बाथची रोमन स्नानगृहे काय आणि यॉर्कचे भव्य कॅथीड्रल काय, डोळ्यांना सगळे सारखेच. एडिंबरा, हायलँड्स (स्कॉटलंडचा उत्तरेकडील डोंगराळ भाग), डब्लिन आणि आयर्लंडचा पश्चिम किनारा येथे तरी दोन-दोन रात्री असाव्यात. बसमध्ये तासन्तास अडकून पडण्याची भीती मात्र नको, कारण साडेचार तास गाडी चालवल्यानंतर चालकाने पाऊण तास विश्रांती घ्यावी, असा तेथील नियमच आहे.

स्कॉटलंडमधील केर्नरायनहून उत्तर आयर्लंडला जाणारी फेरी सुमारे दोन तासांत पोहोचते. बससुद्धा जहाजात चढते, पण प्रवाशांना वरच्या मजल्यावर जावे लागते आणि जहाज चालू असताना खाली बसपाशी परतता येत नाही; म्हणून औषधे व गरम कपडे हातातल्या पिशवीतच ठेवायला सांगा. पुढे जायंट्स कॉजवे येथे बेसाल्टचे सुमारे 40,000 स्तंभ समुद्रात उतरलेले दिसतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्या मुंबईकराला हा खडक ओळखीचा वाटेल, परंतु येथे त्यावर लाटा फुटतात आणि ओल्या दगडावरून पाय सटकतो, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट हवेत. स्वागतकक्षापासून खाली जायला छोटी बस आहे. गुडघ्यांचा त्रास असल्यास तिचे भाडे खुशाल द्यावे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मोहरचे कडे 214 मीटरपर्यंत उंच आहेत, पण धुके उतरले की समोर नुसता पांढरा पडदा असतो, आणि त्याला मार्गदर्शकाचाही इलाज नाही.

मे किंवा सप्टेंबरचा पूर्वार्ध मला सर्वांत सोयीचा वाटतो. ऑगस्टमध्ये एडिंबरात महोत्सवांमुळे हॉटेले महाग होतात, शिवाय ऐन उन्हाळ्यात हायलँड्समध्ये मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्या हैराण करतात. शाकाहाराची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही, तरी तशी नोंद आरक्षण करतानाच करावी. लंडनमध्ये मोकळा दिवस मिळाल्यास किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाचे घर अवश्य पाहावे. शिक्षणासाठी लंडनला असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे राहत होते आणि महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन स्मारक केले आहे. तयार सहलींत ते सहसा नसते, याचे मला आश्चर्य वाटते.

व्हिसाचे आधीच पक्के करा. ब्रिटिश व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटन व आयर्लंडची संयुक्त व्हिसा योजना) ही नोंद असल्यास भारतीय पर्यटकाला आयर्लंडसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, परंतु त्या व्हिसावर पहिला प्रवेश ब्रिटनमध्येच व्हायला हवा. त्यामुळे डब्लिनहून सुरू होणारी सहल स्वस्त वाटली, तरी पैसे भरण्यापूर्वी ही अट आयोजकाशी बोलून घ्यावी.