उत्तर: 'व्हेजिटेरियन'वर टिक करूनही जेली कशी आली, आणि आता खायचं काय

तुझी पोस्ट वाचली आणि फोन ठेवून लॅपटॉप उघडला. यॉर्कशायरमध्ये जेवणासकटचं हॉस्टेल, फॉर्मवर 'व्हेजिटेरियन'ची टिक, तरी पुढ्यात जिलेटिनची (म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढलेल्या पदार्थाची) जेली, आणि विचारायला गेलं की ऑफिस म्हणतं 'तुमची नोंद आमच्याकडे आहे'. गाव सोडलं तर ही माझीच गोष्ट. माझ्या भाचीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहितेय. कुकर, मसाले, इंडियन स्टोअर हे सगळं वर बाकीच्यांनी सांगितलंय, ते सोडते.

आधी डिस्क्लेमर. मी डाएटिशियन नाही, वकील तर नाहीच. कंपन्या रेसिपी बदलत असतात, तेव्हा मी काहीही लिहिलं असलं तरी पाकीट उलटून वाचायचंच. आणि ज्यांना खरोखरची ॲलर्जी आहे त्यांनी माझ्या सल्ल्यावर जाऊ नये.

तर तो फॉर्म. आपल्याला हिरव्या ठिपक्याची सवय, त्यात अंडंसुद्धा बसत नाही. ब्रिटनमध्ये तसा सक्तीचा ठिपका नाही आणि 'व्हेजिटेरियन' म्हणजे अंडं धरूनच. एवढं मी निघायच्या आधी वाचून गेले होते, म्हणून 'इतर माहिती'च्या रकान्यात स्वच्छ लिहिलं: अंडं नको, जिलेटिन नको, प्राण्यांची चरबी नको. ऑफिसच्या सिस्टिममध्ये मात्र 'इतर'साठी एकच खण होता, ॲलर्जीचा. पहिल्या संध्याकाळी काउंटरवर कार्ड टेकवलं तर स्क्रीनवर लाल अक्षरांत 'एग ॲलर्जी'. वाढणाऱ्या बाईंनी हातातला डाव खाली ठेवला, हातमोजे बदलले, आणि काउंटरखालून एक जाडजूड फाइल काढून पानं उलटायला लागल्या. माझ्यामागे रांग दारापर्यंत.

ती फाइल समजून घे, तुझ्या जेलीचं उत्तर त्यातच आहे. त्यात कुठल्या पदार्थात कुठला ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा घटक, आहे ते असतं. ब्रिटिश कायद्याने असे १४ ॲलर्जन ठरवून दिलेत: दूध, अंडं, मासे, शेंगदाणे, सोया, तीळ, मोहरी, अगदी सेलरीसुद्धा. ते पदार्थात असतील तर सांगणं बंधनकारक, पाकिटावर ते उठून दिसतील असे छापावे लागतात. जिलेटिन त्या यादीत नाही. बीफची चरबी नाही. काही चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, तेही नाही. आणि माझी 'व्हेजिटेरियन'ची टिक त्या लाल ॲलर्जीखाली गाडली गेलेली. त्यामुळे मला केक बंद, पॅनकेक बंद, 'अंड्याचा अंश असू शकतो' असं लिहिलेला पावही बंद. डुकराच्या जिलेटिनची लालचुटुक जेली? घ्या की! रविवारच्या रोस्टबरोबरचे बीफ ड्रिपिंगमध्ये (बीफच्या वितळवलेल्या चरबीत) खरपूस भाजलेले बटाटे? खुशाल घ्या, त्यात अंडं कुठेय.

ऑफिसात गेले. म्हटलं, अहो ॲलर्जी नाहीये, मी हे खात नाही, एवढंच. तर म्हणाले, ॲलर्जीची नोंद काढायची असेल तर डॉक्टरांचं पत्र लागेल. म्हणजे नसलेली ॲलर्जी नाही, असं पत्र! जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले, तर असली पत्रं एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या फुकट कामात बसत नाहीत, त्याची वेगळी फी. फी भरली, पत्र यायची वाट बघितली, नेऊन दिलं. ऑफिसने ॲलर्जी काढली, आणि तिच्याबरोबर 'व्हेजिटेरियन'ची टिकसुद्धा पुसली. तोवर मी टर्मभराच्या जेवणाचे पैसे भरून वर खोलीत टोस्ट आणि डब्यातले बीन्स खात होते. (साइड टिप: बेक्ड बीन्स गोडूस लागतात. तेलात मोहरी, हिंग, कांदा, हिरवी मिरची घालून त्यावर डबा ओतला की सुसह्य होतात.) न जेवलेल्या जेवणाचे पैसे परत मिळत नाहीत, हे करारात छापलेलंच होतं. टर्मचे पैसे गेले ते गेले. त्यांच्या प्रत्येक ईमेलखाली 'हॅपी टू हेल्प' असायचं, ते आठवलं की अजून डोक्यात तिडीक जाते. असो.

म्हणून माझं ठाम मत: ऑफिसला लेखी कळवत राहा, पण जेवणाचं ऑफिसशी बोलू नकोस. दुपारची गर्दी ओसरली की थेट हेड शेफला गाठ. 'हे व्हेजिटेरियन आहे का' असं मोघम विचारू नकोस, त्याचं उत्तर 'हो'च येतं. तळता कशात, गोडात जिलेटिन आहे का, ग्रेव्हीला स्टॉक (उकळून काढलेलं पाणी) मांसाचा की भाज्यांचा, चीजचं रेनेट कुठलं, असं सुटं सुटं विचार. स्वयंपाक करणाऱ्याला हे तोंडपाठ असतं. इथे कुणीतरी सुचवेलच की 'सरळ ॲलर्जी आहे म्हणून सांग, मग दखल घेतात'. अजिबात नको. दखल कशी घेतात ते वर वाचलंस, आणि अशा थापांमुळे खऱ्या ॲलर्जीवाल्यांना लोक हलक्यात घेतात.

आता तुझा दुसरा प्रश्न, मॅगीवरच दिवस काढू की काही चाखून बघू. चाख गं. एवढे पैसे घालून तिथे गेलीस.

यॉर्कशायरमध्ये फक्त चिप्पीत, म्हणजे फिश-अँड-चिप्सच्या दुकानात शिरताना आधी विचार. बीफ ड्रिपिंगमध्ये तळणं ही तिथे अभिमानाची गोष्ट, कित्येक दुकानांवर तशी पाटीच असते. तेल वापरणारी दुकानंही आहेत. असं दुकान मिळालं की चिप्स, त्यावर माल्ट व्हिनेगर, शेजारी मशी पीज. हे मॅरोफॅट नावाचे वाळवलेले वाटाणे, सोडा घालून भिजवून गाळ शिजवलेले. रंग बघून पोटात गोळा येतो, पण खोलीवर आणून चिंच, तिखट, बारीक कांदा घातलास तर झाला रगडा. कोरडे मॅरोफॅटसुद्धा सुपरमार्केटमध्ये मिळतात.

नावावरून आणि चित्रावरून काही ठरवू नकोस, तिथे सगळा उलटा कारभार आहे. वाईन गम्समध्ये वाईन नसते, जिलेटिन असतं. 'प्रॉन कॉकटेल' चवीच्या वॉकर्स वेफर्सवर कोळंबीचं नाव, पण ते शाकाहारी. मार्क्स अँड स्पेन्सरच्या पर्सी पिग गोळ्यांना तर डुकराचं तोंड आहे, पण २०१९ मध्ये त्यांनी त्यातलं जिलेटिन काढून टाकलं. साधा पांढरा निरागस मार्शमेलो मात्र बहुतेक वेळा जिलेटिनचाच. (वॉकर्सचं चीज-अनियन निळ्या पाकिटात आणि व्हिनेगरचं हिरव्यात, बाकी बऱ्याच कंपन्यांचं नेमकं उलट. घाईत उचलू नकोस.)

वूस्टर सॉसपासून जप. त्यात चिंच असते, त्यामुळे आपल्या जिभेला लगेच ओळखीचा लागतो, पण त्याच्या ली अँड पेरिन्स या प्रसिद्ध ब्रँडमध्ये अँकोव्ही मासे आहेत, आणि कॅफेत चीज टोस्टवर न सांगता शिंपडतात. तुझ्या भागात सुदैवाने शेफील्डचं हेंडरसन्स रेलिश सहज मिळतं. त्यातही चिंच, मासे नाहीत.

मार्माइटला सगळे नावं ठेवतात, मी त्याच्या बाजूची आहे. बिअर करताना उरणाऱ्या यीस्टचा अर्क, १९०२ पासून बर्टनमध्ये होतो. दिसतो काकवीसारखा आणि तिथेच आपले लोक फसतात, चमचाभर तोंडात घालतात आणि जन्माचा धसका घेतात. ते खारट आहे, भयंकर खारट. गरम टोस्टला आधी भरपूर लोणी, मग सुरीच्या टोकाला लागेल एवढंच मार्माइट, तेही ओढून ओढून पसरलेलं. त्यात बी-१२ घातलेलं असतं, शाकाहारी माणसाला ते हवंच.

गोडात अंडं टाळणाऱ्याने शॉर्टब्रेड (मैदा, लोणी, साखर) आणि फ्लॅपजॅक (ओट्स, लोणी, गोल्डन सिरप) यांपासून सुरुवात करावी. मग ॲपल क्रंबल, वर गरम कस्टर्ड. कस्टर्ड म्हटलं की दचकू नकोस. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने बायकोला अंडं सोसत नाही म्हणून कॉर्नफ्लॉरची कस्टर्ड पावडर केली. म्हणजे अंड्याची खरीखुरी ॲलर्जी असलेल्या एका बाईमुळे आपल्या घरोघरी फ्रूट कस्टर्ड होतं. त्या काळी हॉस्टेलचं ऑफिस नव्हतं हे तिचं नशीब. बर्ड्सचा डबा आण, आपल्याकडच्या वेकफील्ड कंपनीच्या कस्टर्डसारखाच लागतो. फ्रिजमध्ये ठेवलेलं 'फ्रेश कस्टर्ड' मात्र अंड्याच्या बलकाचं असतं, ते नको.

डिसेंबरात मिन्स पायचा भडिमार होईल. आत मनुका, संत्र्या-लिंबाची साल, मसाला असतो, मांस नाही, पण पूर्वापार त्यात स्यूट म्हणजे बीफच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी घालतात. दुकानातल्या बऱ्याच आता वनस्पती स्यूटच्या असतात, तसं खोक्यावर लिहिलेलं असतं. कुणी घरी केलेली दिली तर विचारायला लाजू नकोस, तिथे कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

पैशांचं राहिलं. पुढच्या टर्मला स्वतः स्वयंपाक करायच्या खोलीत बदली मिळते का आणि अर्जाची शेवटची तारीख कधी, हे करारात आजच बघ. ऑफिसची सगळी ईमेलं एका फोल्डरमध्ये टाक. ती घेऊन स्टुडंट्स युनियनच्या सल्ला केंद्रात जा. ही केंद्रं सहसा विद्यापीठाच्या ऑफिसपासून वेगळी असतात आणि पैसे घेत नाहीत. मला त्यांचा पत्ता टर्म संपल्यावर लागला. तुझी अजून चालू आहे.