दुवा मेला की पत्ता बदलला?

प्रश्न : प्रबंधाचं पुस्तक करताना संदर्भसूचीतले २०१३-१४ सालचे दुवे तपासले. कितीतरी उघडत नाहीत, काही थेट मुखपृष्ठावर नेतात आणि एक तर जुगाराच्या जाहिरातींवर गेला. असं का होतं? आता काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हा अनुभव सार्वत्रिक आहे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती.

आधी प्रत्येक दुवा काय संदेश देतो ते पाहा. इलाज त्यावरच ठरतो. ‘४०४’ आलं, तर सर्व्हर, म्हणजे पानं पुरवणारा संगणक, चालू आहे, पण त्या पत्त्यावर पान नाही. बहुधा संकेतस्थळाची नव्याने बांधणी झाली, पत्ते बदलले आणि जुन्यावरून नव्याकडे पाठवणारं रीडायरेक्ट कुणी लावलंच नाही. ही हयगय टाळता येण्याजोगी असते, म्हणून जास्त खटकते. असं पान पुष्कळदा तिथेच, दुसऱ्या पत्त्यावर असतं. लेखाचं नेमकं शीर्षक दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधा. मुखपृष्ठावर नेणारे दुवे याच जातीचे, पण अधिक फसवे: दुवे तपासणारी सॉफ्टवेअर त्यांना चालू समजू शकतात.

सर्व्हरच सापडत नसेल, तर बहुधा डोमेनचं, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदणीकृत नावाचं, नूतनीकरण झालेलं नसतं. मुदत संपून मोकळं झालेलं नाव कुणीही घेऊ शकतं. तुमचा जुगाराचा दुवा बहुतेक असाच. तो पुस्तकात जाऊ देऊ नका.

शोधूनही पान मिळालं नाही, तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे पानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या सेवेत, पूर्ण जुना पत्ता टाका. कॅलेंडरवर निळं वर्तुळ म्हणजे पान साठवलेलं आहे, हिरवं म्हणजे रीडायरेक्ट, नारिंगी किंवा लाल म्हणजे त्या दिवशीही त्रुटीच. तुम्ही पान पाहिलं त्या तारखेजवळचं निळं निवडा. काहीच नसेल, तर पत्त्याचा शेवटचा भाग खोडून तिथे तारांकन (*) द्या. त्या फोल्डरमधल्या साठवलेल्या पत्त्यांची यादी येते. पासवर्डमागची पानं मात्र सहसा मिळत नाहीत.

यापुढे संदर्भ घ्याल त्याच दिवशी वेबॅकच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये पत्ता टाका. सूचीत मूळ पत्ता, साठवलेल्या प्रतीचा पत्ता आणि तारीख, तिन्ही लिहा. लघुदुवे (लांब पत्ता आखूड करून देणाऱ्या सेवांचे दुवे) नकोतच, मूळ पान शाबूत असलं तरी मधली सेवा बंद पडली की वाट तुटते. शोधनिबंधाला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, असेल, तर तोच द्या. प्रकाशकाने पान हलवलं की त्याने डीओआयच्या नोंदीत नवा पत्ता भरायचा असतो. तुमच्या पुस्तकात छापलेला क्रमांक तोच राहतो.