जुन्या टोमण्याला उत्तर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. साहेबांनी काम हातून काढून घेतलं ते घेतलंच, वर चारचौघांत 'घाबरट' म्हटलं. जिव्हारी लागणारच. पण आता जे 'करून दाखवायचं' ठरवलं आहेस, ते वाचून मला गी द लुझिन्याँ आठवला. क्रुसेडवाल्यांच्या, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, जेरुसलेमचा राजा.

११८३ मध्ये तो अजून राजा नव्हता. कुष्ठरोगाने खंगलेल्या बाल्डविन चौथ्याचा मेहुणा म्हणून कारभार पाहत होता. इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाउद्दीन चालून आला, तेव्हा गीने पाण्याजवळ तळ ठोकला आणि तो जागचा हलला नाही. काही दिवसांनी सलाउद्दीनच माघारी फिरला. माझ्या मते हे उत्तम सेनापतिपद. दरबार मात्र म्हणाला, शेपूट घातली. कारभार गेला.

११८६ मध्ये राणी सिबिलामुळे, म्हणजे बायकोमुळे, मुकुट डोक्यावर आला. पुढच्याच जुलैत तोच पेच पुन्हा समोर. सैन्य सफुरियाला, भरपूर पाण्यावर. सलाउद्दीनने तिबेरियाला वेढा घातलेला, आणि किल्ल्यात गीच्याच बाजूचा सरदार, त्रिपोलीच्या रेमंडची बायको अडकलेली. तरी रेमंडच म्हणाला, जाऊ नका, वाटेत पाणी नाही. सगळ्यांना पटलं. रात्री टेम्पलरांचा, म्हणजे लढाऊ ख्रिस्ती साधूंच्या पंथाचा, प्रमुख जेरार एकटाच राजाच्या तंबूत गेला आणि त्याने कान भरले. पहाटे कूच.

दिवसभर उन्हात, अंगावर लोखंड, घोडे तहानलेले. रात्र पाण्याविना काढली. सलाउद्दीनच्या माणसांनी वाळलेलं गवत पेटवून धूर त्यांच्या अंगावर सोडला. ४ जुलै ११८७ ला हत्तीनच्या टेकड्यांवर सगळं संपलं. कैद झालेल्या गीला सलाउद्दीनने गार पाणी दिलं, आणि २ ऑक्टोबरला जेरुसलेमही घेतलं.

जेरारला सगळे दोष देतात. मला वाटतं, त्याने फक्त चार वर्षांपूर्वीच्या खपलीवर बोट ठेवलं.

पुढचा गी मला जास्त आवडतो. सुटून आला तर टायर हे ख्रिस्ती हातात उरलेलं बंदर सांभाळणाऱ्या कॉनराडने दरवाजे उघडलेच नाहीत. मग मूठभर माणसं घेऊन याने ११८९ मध्ये थेट अक्क्याच्या बंदराला वेढा घातला. छावणीतल्या रोगराईत सिबिला आणि मुली गेल्या, त्यांच्याबरोबर गादीवरचा हक्कही. ११९२ मध्ये सरदारांनी राजा म्हणून कॉनराडला निवडलं. गीच्या वाट्याला सायप्रस आलं. ११९४ मध्ये तो वारला, पण त्याच्या घराण्याने ते बेट सुमारे २८० वर्षं सांभाळलं.

प्रस्ताव शुक्रवारी द्यायचाय म्हणतोस. आधी मला पाठव. माणसं आणि पैसा कुठून येणार, ते पान पहिलं. आणि साहेबांचं ते वाक्य तू सुरुवातीलाच उद्धृत केलं आहेस, ते काढून टाक.

तुझा,
काका