नाशिकमध्ये डिस्क गोल्फ सुरू करतोय, पहिली मिडरेंज कोणती घेऊ: बझ की रॉक३?

डिस्क गोल्फ म्हणजे फ्रिस्बीसारखी डिस्क कमीत कमी फेकींत ठरलेल्या टोपलीत (बास्केट) पोहोचवायचा खेळ. मिडरेंज ही मध्यम अंतराची डिस्क, ड्रायव्हर लांब पल्ल्याची. तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: आतापर्यंत १७५ ग्रॅमची अल्टिमेट फ्रिस्बी टाकत होतात, उजव्या हाताचा बॅकहँड ५०-५५ मीटर जातो, ऑनलाइन घेतलेला १२ स्पीडचा ड्रायव्हर दर वेळी डावीकडे वळून आपटतो, सध्या पैसे एकाच डिस्कपुरते आहेत, आणि कुठे खेळावं हेही ठरायचं आहे.

बझ घ्या. रॉक३ उत्तम डिस्क आहे, पण तुमच्या आजच्या हाताला नाही.

डिस्कवरचे चार आकडे क्रमाने स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड असे असतात. डिस्क्राफ्टची बझ ५, ४, -१, १. इनोव्हाची रॉक३ ५, ४, ०, ३. पहिले दोन आकडे दोघींचे सारखेच, सगळी गंमत शेवटच्या दोनांत आहे. तुमच्या उजव्या बॅकहँडला डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. वेगात असताना ती उजवीकडे कलते तो टर्न, वेग ओसरल्यावर डावीकडे उतरते तो फेड. ग्लाइड म्हणजे ती हवेत किती तरंगते ते, स्पीडचं पुढे सांगतो. टर्नचा आकडा जितका उणे, तितकी उजवीकडची ओढ जास्त. डावखुऱ्यांनी दिशा उलट्या वाचाव्यात.

स्पीडच्या आकड्यावरून बहुतेक जण फसतात. १२ स्पीड घेतला की डिस्क लांब जाईल असं वाटतं. तो आकडा खरं तर तुमच्याकडून वसूल करायची रक्कम आहे: एवढ्या वेगाने टाकलीत तरच पुढचे आकडे खरे ठरतील. ५५ मीटरवाल्या हाताचा वेग १२ स्पीडच्या ड्रायव्हरला पुरतच नाही, म्हणून तो हातातून सुटतो तोच फेडमध्ये. तुमच्या ड्रायव्हरमध्ये काही दोष नाही. वर्षभर कपाटात ठेवा.

हाच हिशोब थोड्या कमी प्रमाणात मिडरेंजलाही लागू आहे. तुमच्या वेगाला बझचा -१ टर्न फारसा दिसणार नाही, ती सरळ जाऊन शेवटी जराशी डावीकडे झुकेल. रॉक३ मात्र निम्म्या वाटेपासूनच डावीकडे ओढेल आणि टाकण्यात तुमची चूक झाली की डिस्कने स्वभाव दाखवला, हे कळायला मार्ग राहणार नाही. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. इथली हवा किंचित विरळ, त्यामुळे कुठलीही डिस्क इथे मुंबईच्या मानाने थोडी कमी तरंगते आणि थोडी जास्त डावीकडे जाते. फरक बारीक आहे, पण तोही रॉक३ च्या विरुद्धच जातो.

बझ मिळाली नाही तर अ‍ॅक्सिअमची हेक्स (५, ५, -१, १) किंवा इनोव्हाची माको३ (५, ५, ०, ०) चालेल. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकाच फुटपट्टीने मोजलेले नसतात, हे लक्षात असू द्या. आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे पीडीजीए, डिस्कचा आकार, वजन वगैरे तपासून मान्यता देते. उड्डाणाचे आकडे कंपन्या स्वतःच ठरवतात.

आता हाताचं. अल्टिमेट फ्रिस्बी २७ सेंटिमीटरची, मिडरेंज जेमतेम २१-२२ ची, त्यामुळे पहिल्या दिवशी ती खेळण्यातली वाटेल आणि तुम्ही ती मुठीत आवळाल. आवळू नका. रिम, म्हणजे डिस्कची जाड कड, सव्वा सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते. चारही बोटांची टोकं रिमच्या आतल्या भिंतीला टेकवायची, अंगठा वर, कडेपासून थोडा आत. ज्यांची बोटं आखूड आहेत त्यांना खोल रिम त्रास देते. रॉक३ च्या खालच्या कडेला बारीक कंगोरा असतो. काहींना त्याचा आधार वाटतो, काहींच्या बोटाला तो टोचतो. बझची कड गुळगुळीत आहे आणि फ्रिस्बीवरून येणाऱ्याला सहसा तीच बरी वाटते.

वजन डिस्कच्या खालच्या बाजूला लिहिलेलं असतं. नियमाने व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम ही मर्यादा आहे, म्हणजे २१.७ सेंटिमीटरच्या मिडरेंजला १८० ग्रॅम. तुम्ही १७० ते १७५ मधली घ्या. त्याहून हलकी सोपी वाटते खरी, पण वाऱ्यात ती लगेच उलटते. घरातलं शाळकरी पोर टाकणार असेल तर मात्र १५०-१६० ची बघा.

प्लॅस्टिकवर कंजूषी करू नका असं मी एरवी म्हणणार नाही, इथे म्हणतो. बझ स्वस्तातल्या प्रो-डी प्लॅस्टिकमध्येही मिळते. हाताला छान चिकटते, पण मुरूम आणि दगडावर आपटून कडेला लवकर ओरखडे पडतात आणि डिस्क जितकी झिजते तितकी उजवीकडे वळू लागते. जुने खेळाडू मुद्दाम एकाच साच्याच्या नव्या-जुन्या डिस्क बाळगतात, त्यांना हे वळण हवंच असतं. एकच डिस्क असलेल्याला ते परवडत नाही: तीन महिन्यांनी तुमचा हात सुधारला की डिस्क बिघडली, हे ओळखता येणार नाही. पांडवलेणीच्या पायथ्यासारख्या खडकाळ जागी खेळणार असाल तर ईएसपी प्लॅस्टिक घ्या. झेड त्याहून कडक आणि टिकाऊ, पण डिसेंबरातल्या पहाटेच्या थंडीत ते काचेसारखं लागतं आणि बोटांतून निसटतं.

बाहेरून मागवताना डिस्कपेक्षा पाठवणावळ आणि कस्टम्स भारी पडू शकतात, तेव्हा आणखी कोणी घेणार असेल तर ऑर्डर एकत्र करा. डिस्क आली की रिमच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. साच्याच्या जोडाची धारदार रेघ लागली तर बारीक सँडपेपरने तेवढीच घासा, नियमात चालतं. मग टेबलावर उपडी ठेवा. कड डगडगली तर डिस्क वाकलेली आहे. गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून सपाट जागी वजनाखाली थंड होऊ द्या. एप्रिलमध्ये स्कूटरच्या डिकीत राहिलेली डिस्कही अशीच वाकते.

चाचणीला अंतर मोजायची टेप नको. क्रिकेटचं पिच २०.१२ मीटर, अडीच पिच म्हणजे ५० मीटर. तिथे एक पिशवी ठेवा, न धावता जागेवरून दहा वेळा टाका आणि प्रत्येक वेळी डिस्क पिशवीच्या कुठल्या बाजूला पडली ते बघा. बहुतेक डाव्या बाजूला दोन-चार मीटरच्या आत असतील तर सगळं ठीक. दहाही डावीकडे आणि आखूड पडत असतील तर डिस्कला दोष देण्याआधी तिचं नाक बघा.

नाक म्हणजे डिस्कची पुढची कड. ती वर राहिली की डिस्क सुरुवातीला झकास चढते, पाहणारे वा म्हणतात, मग हवेत थबकते आणि वाळक्या पानासारखी डावीकडे घसरत येते. फ्रिस्बीवाल्यांची ही हमखास चूक, कारण फ्रिस्बीला थोडं वर नाक चालून जातं. उपाय मनगटात आहे: तांब्यातून पाणी ओतताना अंगठ्याची बाजू जशी खाली झुकते, तसं मनगट डिस्क सुटताना राहिलं पाहिजे. डिस्क छातीच्या उंचीवरून सरळ रेषेत ओढा, खालून वर झोका देऊ नका. मोबाइलवर बाजूने संथ गतीचा व्हिडिओ काढला की दोन मिनिटांत कळतं. डिस्कचं पोट समोरच्याला दिसत असेल तर नाक वर आहे.

उलट डिस्क उजवीकडे उलटून चाकासारखी घरंगळत गेली, तर बाहेरची कड वर राहिली किंवा खांदा लवकर उघडला. ती थरथरत सुटली तर पकड शेवटी सैल पडली किंवा हात झटक्याने ओढला गेला. जोर तीस टक्के कमी करा. अंतर फारसं घटत नाही, हे बघून चकित व्हाल.

चाचणी वाऱ्यात करू नका. समोरचा वारा डिस्कला जास्त वेगात असल्यासारखं वागवतो, ती उजवीकडे उलटते. मागचा वारा तिला दाबतो आणि डावीकडे पाडतो. जून-जुलैत पश्चिमेचा वारा दुपारी जोरात असतो, सकाळी सातच्या आत जा. या वाऱ्याचा नीट त्रास होऊ लागेल आणि हात ७० मीटरच्या पुढे जाईल, तेव्हा रॉक३ घ्या. समोरच्या वाऱ्यात ती बझपेक्षा कितीतरी विश्वासू आहे.

जागेबद्दल विचारलंत. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला सगळं शहर गोल्फ क्लब म्हणतं आणि तिथे चालतं क्रिकेट, त्यामुळे नावावर जाऊ नका. जॉगिंग ट्रॅकवर माणसं असताना तिथे टाकूच नका: कडक रिमची १७५ ग्रॅमची डिस्क कपाळावर बसली तर टाके पडतात. बास्केट नसली तरी अडत नाही, एखादं झाड किंवा खांब ठरवा आणि त्याला लागली की होल, म्हणजे खेळाचा एक टप्पा, संपला. गंगापूर धरणाच्या काठाकडे तोंड करून मात्र टाकू नका, बहुतेक मिडरेंज पाण्यात बुडतात. रंग गुलाबी किंवा निळा घ्या. पिवळी फेब्रुवारीतल्या वाळक्या गवतात हरवते, हिरवी श्रावणात. पावसाळ्यात सोबत जुना पंचा ठेवा. काळी माती रिमच्या आत थापली जाते, ती दर थ्रोआधी पुसली नाही तर डिस्क बोटांतून आधीच सुटते आणि डगमगत जाते.