वर्गातला तास आणि हातात पडणारा तास : खासगी भाषाशाळेत शिकवणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

खासगी भाषाशाळा तास विकते. जागेचे भाडे, जाहिरात, चौकशीच्या टेबलावरची माणसे आणि शिक्षकांचे मानधन हे सगळे त्याच विक्रीतून निघते. पुढच्या प्रश्नांतल्या बहुतेक अडचणी या हिशेबातून उगवलेल्या आहेत. काही मात्र सरळ लबाडीतून; त्याही खाली येतीलच.

प्रश्न : एका भाषाशाळेने तासिका तत्त्वावर काम देऊ केले आहे. तासाचा दर माझ्या सध्याच्या पगाराच्या हिशेबाने जवळजवळ दुप्पट पडतो. हो म्हणू का?

दर दुप्पट दिसतो, कारण तो फक्त वर्गात उभे राहण्याचा आहे. आठवड्याला 20 तास वर्ग धरा. नव्या शिक्षकाला दर तासामागे निदान अर्धा तास तयारी लागते, म्हणजे 10 तास. लेखन तपासायला 2, हजेरी, प्रगतिपत्रके आणि बैठकीला 1, प्रवास आणि दोन बॅचमधला रिकामा वेळ मिळून 7. झाले 40. मानधन 20 तासांचे, काम 40 तासांचे. कागदावरचा 100 चा दर प्रत्यक्षात 50 वर येतो.

यातला एकच आकडा तुमच्या हातात आहे, तो तयारीचा. तेच पुस्तक, तीच पातळी तिसऱ्यांदा शिकवताना तयारी 10 मिनिटांवर येते आणि तोच दर 60 पर्यंत चढतो. म्हणून पहिल्या वर्षी दोनपेक्षा जास्त पातळ्या घेऊ नका. पाच वेगवेगळ्या बॅच देऊन ‘अनुभव मिळेल’ असे कुणी सांगत असेल, तर तो अनुभव तुमच्या रात्रींच्या खर्चाने मिळणार आहे.

मग वर्षाचा हिशेब. 10 आठवड्यांची चार सत्रे असतील तर वर्षाला 40 आठवडेच काम. 20 तासांप्रमाणे 800 तास, म्हणजे महिन्याला सरासरी 67. वर्षभर वर्ग चालले असते तर हाच आकडा 87 झाला असता. घरखर्च 67 वर बसवा.

‘तास’ किती मिनिटांचा, हेही विचारा. अनेक ठिकाणी तो 45 मिनिटांचा असतो. त्यात गैर काही नाही, फक्त दोन शाळांच्या दरांची तुलना करताना दोन्ही दर घड्याळाच्या तासावर आणा. आणि दराच्याही आधी वेळापत्रक मागा. नोकरदार विद्यार्थी सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी कामानंतर येतात, त्यामुळे शिक्षकाचा दिवस मधोमध फाटतो. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन, म्हणजे पाच तासांच्या मानधनात अख्खा दिवस गेला.

प्रश्न : करारावर सही करण्यापूर्वी नेमके काय वाचायचे?

आधी रद्द झालेल्या तासाचे कलम. बहुतेक शाळा ग्राहकाला सांगतात की 24 तासांच्या आत तास रद्द केला तर पैसे परत नाहीत. मग त्या तासाचे मानधन तुम्हाला मिळायलाच हवे. ग्राहकाकडून घ्यायचे आणि शिक्षकाला द्यायचे नाही, अशी तरतूद असेल तर बाकीचा करारही त्याच मनाने लिहिला आहे असे समजा.

मग किमान हमी तास. पुरेसे विद्यार्थी आले नाहीत तर बॅच सुरूच होत नाही, आणि ते बहुतेक वेळा आदल्या दिवशी कळते. हमी नसेल तर हा धोका पूर्णपणे तुमचा. महिन्याला 40 तासांची हमी असलेला कमी दर, हमी नसलेल्या जास्त दरापेक्षा बरा.

बाहेर शिकवण्यावरची बंदी शाळेच्याच विद्यार्थ्यांपुरती आणि सहा महिन्यांपुरती असेल तर रास्त आहे. संपूर्ण शहरात दोन वर्षे दुसरीकडे शिकवायचे नाही, असे असेल तर ते कलम काढून मागा. मूळ प्रमाणपत्रे कुणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, प्रती द्या, परत घ्या.

परदेशातली नोकरी असेल तर व्हिसा मालकाशी बांधलेला आहे का, ते पाहा. दक्षिण कोरियात खासगी शिकवणीसंस्थांतल्या परदेशी भाषाशिक्षकांचा ई-2 व्हिसा असाच असतो. तिथे सलग एक वर्ष पूर्ण केले की साधारण 30 दिवसांच्या पगाराइतकी सेवासमाप्ती रक्कम देणे लागते, आणि म्हणूनच अकराव्या महिन्यात काढून टाकल्याच्या तक्रारी तिथे जुन्या आहेत. वर्ष नेमके कोणत्या तारखेला पुरे होते, ते करारात लिहून घ्या.

शाळेची तब्येत ओळखायची खूण एकच : पगाराची तारीख. जपानमधली ‘नोव्हा’ ही तिथली सर्वांत मोठी इंग्रजी शिकवणारी साखळी ऑक्टोबर 2007 मध्ये कोसळली. विद्यार्थ्यांकडून मोठ्या संख्येने तासांचे पैसे आगाऊ घेतलेले होते, आणि कोसळण्याआधी शिक्षकांचे पगार लांबू लागले होते. आगाऊ शुल्कावर चालणाऱ्या धंद्यात नवे प्रवेश आटले की जुन्या विद्यार्थ्यांचे तास द्यायला पैसा उरत नाही. पगार पहिल्यांदा लांबला तर लेखी विचारणा करा. दुसऱ्यांदा लांबला तर दुसरीकडे अर्ज करा, मग कारण कितीही पटण्यासारखे असो.

प्रश्न : ‘120 तासांचे’ ऑनलाइन प्रमाणपत्र खूप स्वस्तात मिळते आहे. उपयोग होईल का?

तासांचा आकडा पाहू नका, त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर किती शिकवावे लागते ते पाहा. केंब्रिजच्या ‘सेल्टा’ या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या अभ्यासक्रमातही सुमारे 120 तासच असतात, पण त्यातले 6 तास दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या प्रौढ विद्यार्थ्यांना परीक्षकांच्या नजरेखाली शिकवायचे असतात. नाव असलेल्या शाळा विचारतात ते या 6 तासांबद्दल. नुसते व्हिडिओ पाहून मिळालेल्या कागदाने अर्ज चाळणीतून पुढे सरकेल, पण नमुना पाठ द्यायला सांगितला की तो कागद कामाचा नाही. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवणार असाल तर आधी त्या भाषेचे निदान सी1 पातळीचे प्रमाणपत्र मिळवा (युरोपीय मोजपट्टीवर ए1, ए2, बी1, बी2, सी1, सी2 अशा चढत्या सहा पातळ्या असतात). पैसे खर्चायचा क्रम तोच ठेवा.

प्रश्न : माझ्या बी1 च्या बॅचमध्ये निम्मे जण धड ए2 चे नाहीत आणि दोघे तिघे चक्क बी2 चे आहेत. कोऑर्डिनेटर म्हणतात, ‘सांभाळून घ्या.’ किती सांभाळायचे?

हे का होते ते आधी पाहू. प्रवेशाच्या वेळची चाळणी बहुधा 40-50 पर्यायी प्रश्नांची असते. ती व्याकरण ओळखता येते का, एवढेच मोजते. पुस्तकातून शिकलेला माणूस त्यात बी1 ठरतो आणि तोंड उघडले की ए2 वर उतरतो. कानाने भाषा शिकलेल्याचे याच्या उलट. दुसरे कारण हिशेबाचे : ए2 ची बॅच भरली नाही आणि बी1 मध्ये जागा होत्या.

म्हणून पहिल्याच तासाला स्वतःची चाळणी लावा. प्रत्येकाला काल काय काय केले ते दोन मिनिटे सांगायला लावा, एक ‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारा आणि शब्दकोशाशिवाय आठ ओळी लिहून घ्या. तीनच गोष्टी टिपा. भूतकाळ टिकतो का? ‘कारण’, ‘जरी’, ‘म्हणून’ अशा शब्दांनी वाक्ये जोडता येतात का? नेहमीच्या वेगातला प्रश्न पहिल्यांदा कळतो का? दुसऱ्या तासाआधी कोऑर्डिनेटरला लेखी द्या : कोण, सध्याची पातळी काय, कोणत्या चालू बॅचमध्ये बसेल. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण ‘हा इथला नाही’ एवढे ऐकून कुणी काही करत नाही. दोन आठवडे उलटले की पुस्तक घेतलेले असते, ओळखी झालेल्या असतात, मग कुणी हलत नाही.

हलवाहलव झाली नाही तर मजकूर सर्वांना एकच द्या, काम वेगळे द्या. 200 शब्दांचा उतारा घ्या. कच्च्या गटाला सहा अवघड शब्द अर्थासह आधीच द्या आणि थेट मजकुरात सापडतील असे तीन प्रश्न विचारा. पक्क्या गटाला शब्द देऊ नका; तीच घटना दुसऱ्या पात्राच्या तोंडून सांगायला लावा. तीन तीन वेगळे पाठ तयार करायला जाऊ नका, महिन्याभरात दम निघेल.

जोड्या लावताना उच्चार आणि अचूकपणाच्या सरावाला सारख्या पातळीचे दोघे बसवा. माहितीची देवाणघेवाण असेल तेव्हा एक कच्चा, एक पक्का; पण कागद कच्च्याच्या हातात आणि प्रश्न विचारायचे काम पक्क्याचे. उलटे केले तर पक्का एकटाच बोलत राहतो. पक्क्या विद्यार्थ्यांना दर तासाला तुमचे मदतनीस करू नका. त्यांनी शिकण्यासाठी पैसे भरले आहेत, आणि मध्येच शाळा सोडणारे बहुधा तेच असतात.

दर सोमवारी नवा विद्यार्थी येऊन बसत असेल तर आठवडा हेच एकक धरा. नवा मुद्दा सोमवारी उघडा, शुक्रवारी उजळणी करून बंद करा. दोन आठवडे चालणारा प्रकल्प अशा वर्गात हमखास फसतो.

प्रश्न : शाळेची जाहिरात ‘तीन महिन्यांत अस्खलित’ अशी आहे. विद्यार्थी जाब मला विचारतात.

आकडे तुमच्या बाजूने आहेत. आठवड्याला 4 तासांप्रमाणे तीन महिन्यांत 48-50 तास होतात. केंब्रिजच्या अंदाजाप्रमाणे इंग्रजीत शून्यापासून बी1 पर्यंत मार्गदर्शनाखालचे 350 ते 400 तास लागतात आणि बी2 पर्यंत 500 ते 600. म्हणजे ती एक पायरी चढायलाच दीड-दोनशे तास. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षणसंस्था इंग्रजी भाषकांना कामापुरती स्पॅनिश यायला 600 ते 750 तास धरते आणि जपानी किंवा अरबीला सुमारे 2200, तेही जवळजवळ दिवसभर शिकणाऱ्यांसाठी.

वर्गात जाहिरातीवर टीका करू नका. नोकरीही जाईल आणि विद्यार्थ्याचा उत्साहही. 50 तासांत खरोखर होण्यासारख्या पाच गोष्टी पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहा : फोनवर वेळ ठरवणे, ऐकलेला निरोप लिहून घेणे, कामातली अडचण चार वाक्यांत सांगणे, अशा. पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात त्याच विषयावर प्रत्येकाचे दोन मिनिटांचे बोलणे रेकॉर्ड करा. दोन्ही लागोपाठ ऐकवले की फरक कळायला शिक्षक लागत नाही.

खरी पंचाईत सत्राच्या शेवटी येते. फी पुन्हा भरली जावी म्हणून ‘सगळ्यांना पुढच्या पातळीत टाका’ असे सुचवले जाते. सरसकट नाही म्हणण्यापेक्षा सशर्त बढती लिहून द्या : या तीन गोष्टी कच्च्या आहेत, इतके जादा तास घेतल्यास पुढे जाता येईल. जादा तासांचेही पैसे शाळेलाच मिळतात, त्यामुळे हा मार्ग बहुधा मान्य होतो. विद्यार्थ्याला खोटी पातळी मिळत नाही, हा त्यातला आपला फायदा.

प्रश्न : शाळेची स्वतःची ‘पद्धत’ आहे. भाषांतर नाही, ठरलेले प्रश्न, ठरलेली उत्तरे. माझे डोके वापरायला जागाच नाही.

भाषांतराशिवाय शिकवणाऱ्या बर्लिट्झ शाळांचे संस्थापक मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी 1878 मध्ये पहिली शाळा काढली तेव्हापासून हा प्रकार धंद्याला सोयीचा ठरला आहे : शिक्षक बदलला तरी पाठ बदलत नाही, बदली शिक्षक पाच मिनिटांत वर्गात उभा राहतो. तुमच्यासाठी यात तयारी जवळजवळ नाही, म्हणजे पहिल्या प्रश्नातला तो दर 65 च्या आसपास जाऊ शकतो. वर्षभर करायला वाईट नाही. त्याहून जास्त राहिलात तर पाठ स्वतः बांधण्याची सवय मोडते आणि पुढच्या मुलाखतीत ते दिसते.

प्रश्न : कंपनीत जाऊन घ्यायच्या बॅचला नावे दहा, येतात चार, आणि दर वेळी वेगळे चार.

पैसे भरणारा मनुष्यबळ विभाग, बसणारा कर्मचारी आणि त्याला बैठकीला बोलावणारा साहेब ही तीन वेगळी माणसे आहेत. त्यामुळे गळती गृहीत धरूनच आखणी करा. प्रत्येक तास स्वतंत्र आणि त्याच तासात पुरा होणारा ठेवा. गृहपाठ देऊ नका. होत नाही, आणि मग न केल्याच्या संकोचाने माणूस यायचे टाळतो. पहिल्या भेटीत त्यांनी खरोखर लिहिलेले तीन ई-मेल मागा, नावे खोडून. पुढच्या दहा तासांचा ऐवज त्यातच सापडतो. हजेरीचा तक्ता दर महिन्याला शाळेमार्फत कंपनीला गेलाच पाहिजे, नाहीतर सत्र संपताना ‘काही सुधारणा नाही’ हे खापर तुमच्यावर फुटते. प्रवासाचे मानधन नसेल तर एकाच ठिकाणी लागोपाठ दोन बॅच मागून घ्या.

प्रश्न : दोन विद्यार्थ्यांनी तक्रार केली, आता पाठनिरीक्षण लावले आहे. काय करू?

तक्रार नेमक्या कोणत्या शब्दांत आहे, ते विचारून घ्या. प्रौढांची नेहमीची तक्रार ‘चुका दुरुस्त करत नाहीत’ ही असते, आणि ती बऱ्याचदा खरी असते, कारण वेळ संपत आला की पाठातून आधी गळते ती दुरुस्तीच. 60 मिनिटांचे पाठटाचण असे ठेवा : उजळणी 5, प्रसंग 10, नियम उलगडणे 10, बांधलेला सराव 10, मोकळे बोलणे 15, दुरुस्ती 10. पन्नासाव्या मिनिटाला बोलणे रंगात आले असले तरी थांबवा. त्या दरम्यान टिपलेल्या सहा ते आठ चुका नावे न घेता फळ्यावर लिहा आणि वर्गाकडूनच सुधारून घ्या.

त्या दिवशी नवा खेळ, नवे यंत्र, नवा विषय काही नको. पाठटाचण एका पानात, त्यात कुठे अडचण येऊ शकेल याच्या दोन ओळी. निरीक्षक त्या आधी वाचतो. निरीक्षणाच्या अहवालाची प्रत मागा आणि तीन आठवड्यांनी विद्यार्थ्यांचे मत पुन्हा घ्यायला सांगा. अहवाल दिलाच नाही आणि पुढच्या सत्रात तुमचे तास गुपचूप कमी झाले, तर तक्रार हे निमित्त होते. तेव्हा पाठ सुधारत बसण्यापेक्षा करारातली सूचनेची मुदत किती आहे, ते पाहा.