पिवळं द्रावण काळवंडतं तेव्हा

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी सिल्व्हर नायट्रेटपासून, सोडियम बोरोहायड्राइड (क्षपणक) वापरून चांदीचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण करतोय. आधी सुरेख पिवळा रंग येतो, मग ढवळता ढवळता जांभळट होतो आणि संध्याकाळी तळाशी काळा गाळ. कुठे चुकतंय?
– एक विद्यार्थी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ‘ढवळता ढवळता’ इथेच! सिल्व्हर नायट्रेटचा शेवटचा थेंब पडला की स्टरर बंद करा आणि द्रावणातलं ढवळणारं मॅग्नेट लगेच बाहेर काढा. कणांवर बसलेल्या बोरोहायड्राइडच्या ऋण भारामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. पाण्यात बोरोहायड्राइड हळूहळू संपत जातं. भार ओसरल्यावरही ढवळत राहिलात, तर कण आपटून चिकटणारच.

प्रमाण असं ठेवा : 2 मिलिमोलर बोरोहायड्राइड 30 मिली, बर्फात ठेवलेलं, त्यात 1 मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट 10 मिली, सेकंदाला साधारण एक थेंब. दोन-तीन मिलिग्रॅम नीट तोलता येत नाही, म्हणून 7.6 मिलिग्रॅम बोरोहायड्राइडचं 100 मिली द्रावण करा आणि 30 मिली घेऊन उरलेलं टाकून द्या. सकाळचं द्रावण दुपारी वापरू नका. पावसाळ्यात बाटलीतल्या पावडरीचे खडे झाले असतील तर तीही संशयितच.

दुसरी शंका काचेच्या भांड्यांवर. शेवटची विसळणी नळाच्या पाण्याने होते का? विसळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दुधाळ झालं तर क्लोराइड आहे, आणि तेही कणांना एकत्र चिकटवतं. भांडी विरल नायट्रिक आम्लाने धुऊन तीन-चारदा डिस्टिल्ड वॉटरने काढा. चांदीच्या कामाला अम्लराज (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) नको, त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल क्लोराइडच मागे ठेवतं. मिठाचा करामती गुण पाहायचा असेल तर चांगल्या पिवळ्या द्रावणात मिठाच्या तीव्र पाण्याचा एक थेंब सोडा, डोळ्यांदेखत राखाडी होतं.

प्रश्न : द्राक्षाच्या सालीच्या अर्कातून केलेल्या चांदीच्या एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची चाचणी) चांदीचं 38 अंशांचं पीक (आलेखातलं टोक) आहे, पण 27.8 आणि 32.2 लाही आहेत. हे कुठून आले?
– एक वाचक, निफाड

उत्तर : ती सिल्व्हर क्लोराइडची पीकं. 46.2 लाही एक दिसेल, बघा. क्लोराइड अर्कातून आलं असेल, नाहीतर साली नळाच्या पाण्यात उकळल्या असतील. गाळ विरल अमोनियाने धुतला तर क्लोराइड विरघळून जातं. पण ते धुवण बाटलीत साठवू नका, लगेच आम्लधर्मी करून टाका. साठून राहिलं तर त्यात स्फोटक संयुग बनतं.